नागपूरचा कागदी मुकुट

श्रावण अमावास्येचा पोळा आटोपला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूर नगरीत तान्हा पोळा भरतो. मोठ्या पोळ्याचा मानकरी जिवंत बैल असतो. या धाकट्या पोळ्याचे मानकरी म्हणजे चाकांवर उभे केलेले लाकडी नंदी आणि त्यांना दोरीने ओढीत नेणारी मुले. वस्तीच्या पटांगणात आंब्याच्या पानांचे तोरण लागते, त्याखाली नंदींची रांग उभी राहते, उत्तम सजावटीस आणि उत्तम वेशभूषेस बक्षिसे वाटली जातात, आणि मग ही बालसेना घरोघर जाऊन आपल्या नंदीसाठी बोजारा, म्हणजे खाऊ वा पैसे, मागते. त्या दिवशी कोणी राम होऊन येतो, कोणी कृष्ण, कोणी एखाद्या विस्मृत कथेतील राजपुत्र. आणि यांपैकी पुष्कळांच्या मस्तकी आदल्या रात्री घरातल्या कोणा वडीलधाऱ्याच्या मदतीने पुठ्ठा, खळ आणि सोनेरी कागद यांतून सिद्ध झालेला एक मुकुट असतो. या मुकुटाचे आयुष्य एका दिवसाचे, आणि भाद्रपदाची एखादी सर अवचित आली तर तेवढेही नाही. तथापि त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती शेतकऱ्याच्या गोठ्यातून, भोसल्यांच्या दरबारातून, नाटकाच्या रंगपटातून आणि बालशाळेतून फिरत येते. आणि मान म्हणजे काय व तो कोणी कोणास द्यावयाचा, या प्रश्नाचे या प्रदेशाने दिलेले उत्तर तीत साठवलेले आढळते.

तान्ह्या पोळ्याचा आरंभ दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 साली केला, अशी नागपूरची परंपरा सांगते. मुलांना बैलांविषयी ममत्व वाटावे, परंतु जिवंत जनावरांच्या गर्दीत त्यांना इजा होऊ नये, म्हणून लाकडी बैलांचा पोळा भरविण्याची प्रथा राजवाड्यातून सुरू झाली, असे तिचे कारण सांगितले जाते. महालातील भोसल्यांच्या वाड्यात मोठ्या लाकडी नंदीची पूजा आजही होते. दुसऱ्या रघूजींची कारकीर्द 1788 पासून 1816 पर्यंतची. वऱ्हाडापासून ओरिसापर्यंत पसरलेला मुलूख त्यांनी उपभोगला आणि इंग्रजांशी झालेल्या 1803 च्या युद्धानंतर देवगावच्या तहाने त्यातील कटक आणि वऱ्हाडचा भाग गमावलाही. राज्याला ओहोटी लागली असताना मुलांच्या खेळाकडे लक्ष पुरविणारा राजा म्हणून लोकस्मृतीने त्यांना जपले आहे, आणि ही स्मृती त्यांच्या लढायांच्या स्मृतीपेक्षा अधिक टवटवीत राहिली आहे.

मुलांच्या मस्तकावरील मुकुटाचा पहिला पूर्वज मात्र बैलाच्या मस्तकावर शोधावा लागतो. पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाची खांदेमळणी करून त्यास न्हाऊ घालतो, शिंगांना हिंगूळ लावतो, त्यावर बेगड चिकटवितो, पाठीवर झूल घालतो आणि कपाळावर रंगीत कागदाचे व बेगडाचे बाशिंग बांधतो. हेच बाशिंग लग्नात नवरदेवाच्या कपाळी असते. नवरदेवास त्या दिवसापुरता राजाचा मान. तसाच वर्षभर जू वाहणाऱ्या बैलासही एका दिवसाचा राजमान. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात पोळ्याचे जे वर्णन आले आहे, त्यात मिरवणुकीच्या अग्रभागी चालणाऱ्या एका वृद्ध बैलाचा उल्लेख आहे. त्याच्या शिंगांना मखर नावाची लाकडी चौकट बांधीत आणि तिच्या खुंट्यांवर पेटते पलिते लावीत. हा मखराचा बैल तोरण तोडून गावाकडे धावला की मागची सारी खिल्लारे उधळत. त्याच्यामागून आधी मालगुजाराचे बैल आणि मग रयतेचे बैल ज्याच्या त्याच्या प्रतिष्ठेच्या क्रमाने चालत, आणि तो क्रम चुकला तर कुणब्याच्या मनास ती गोष्ट फार लागे, असेही त्या ग्रंथकारांनी नोंदविले आहे. म्हणजे बैलाच्या मस्तकावरील शृंगार ही केवळ हौसेची बाब नव्हती. गावातील प्रत्येक घराचा मानमरातब त्या दिवशी जनावराच्या शिंगांवरून वाचला जाई. तरीही हे विसरता कामा नये की तो शृंगार बैलाने मागितलेला नसतो. ज्याने त्याच्याकडून श्रम घेतले त्यानेच कृतज्ञतेने आपल्या हातांनी तो बांधलेला असतो.

आता राजदरबाराकडे वळावे, तर तेथे टोकदार मुकुट आढळतच नाही. मराठ्यांच्या दरबारात राजचिन्हे म्हणून छत्र, चामर, सिंहासन किंवा गादी असे. मस्तकावर पागोटे आणि त्यावर शिरपेच, तुरा, कलगी, मोत्यांचे झुपके. नागपूरच्या भोसल्यांना तर सेनासाहेब सुभा हे पद सातारच्या छत्रपतींकडून मिळालेले. त्या पदाची वस्त्रे साताऱ्याहून यावयाची, आणि ती आल्याखेरीज वारसा पुरता सिद्ध झाला असे कोणी मानीत नसे. याहूनही विलक्षण अशी एक रीत या नगरीत होती. नागपूर वसविले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, अठराव्या शतकाच्या अगदी प्रारंभी, बारा वाड्या एकत्र करून. पुढे पहिल्या रघूजींनी देवगडचे राज्य आपल्या हाताखाली आणले, परंतु गोंड राजवंश उखडून टाकला नाही. त्यास तनखा दिला, नागपुरात इतमामाने ठेवले, आणि नव्या भोसले राजाच्या कपाळी राजतिलक लावण्याचा मान त्या गोंड राजाकडे राहिला. महसुलाच्या काही कागदांवर त्याचा शिक्काही उमटत असे. सत्ता तलवारीने मिळविता येते, परंतु ती मान्य व्हावी लागते, आणि मान्यतेचा हात दुसऱ्याचाच असावा लागतो, हे त्या काळच्या मुत्सद्द्यांना पुरते उमगलेले होते. ज्याचे राज्य घेतले त्याच्याच बोटाने कपाळी टिळा लावून घ्यावयाचा, या रीतीत राजकारण होते हे खरे, पण विनयही होता.

हा विनय 1817 नंतर लोपला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला, आणि 1818 मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या रघूजींच्या नातवास, बाजीबास, तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविले. तेव्हा त्याचे वय दहाच्या आतबाहेर होते. ज्या वयात मुलाने लाकडी नंदी ओढावा त्या वयात त्याच्या मस्तकी खराखुरा शिरपेच आला, आणि राज्याचा कारभार मात्र रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्या मुखत्यारीत गेला. कागदी मुकुट घातलेल्या मुलाला निदान खेळाचे नियम स्वतः ठरविता येतात. या बाळराजास तेवढेही स्वातंत्र्य नव्हते. पुढे वयात आल्यावर त्यास कारभार मिळाला, परंतु 11 डिसेंबर 1853 रोजी तो निपुत्रिक वारला आणि 1854 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. वारसाची मान्यता द्यावयाचा अधिकार आपला, आणि ती आपण देत नाही, एवढ्याच युक्तिवादावर हे घडले. त्यानंतर जामदारखान्याची झडती झाली. राजवाड्यातील हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीस नेऊन लिलावात विकले गेले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. राजघराण्यातील वृद्ध बाकाबाईंनी केलेला विरोध व्यर्थ गेला. ज्या घराण्याने मुलांना बैलाचा मान शिकविला असे लोक मानतात, त्याच घराण्याचे बैल भर बाजारात बोलीवर गेले, याहून अधिक कडू प्रसंग या नगरीच्या इतिहासात थोडेच असतील.

पाश्चात्त्य घडणीच्या मुकुटाची छाया नागपुरावर पडली ती यानंतर. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांच्या नागपूर येथील कापडगिरणीचे उद्‌घाटन होऊन तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. नाण्यांवर, तिकिटांवर, शाळेच्या पुस्तकांवर कंगोरेदार मुकुट दिसू लागला. मुलांच्या खेळातील सरळ पट्टीवर त्रिकोणी टोके असलेला जो मुकुट आज सर्वत्र आढळतो, त्याचा आकार या पश्चिमी घराण्यातला आहे. फ्रान्समध्ये जानेवारीच्या आरंभी एका सणाला पोळीसारख्या गोड पदार्थात लपविलेला दाणा ज्याच्या वाट्यास येईल त्यास दिवसाचा राजा करून कागदी मुकुट घालतात. इंग्लंडात नाताळच्या जेवणास घरातील सारी माणसे पातळ रंगीत कागदाचे मुकुट घालून बसतात. एका दिवसापुरते राज्य देण्याची ही कल्पना पोळ्याच्या कल्पनेपासून फार दूर नाही.

परंतु आपल्या मुलांच्या कल्पनेतील दुसरा मुकुट, कळसासारखा वर निमुळता होत गेलेला, कानांशी कर्णपत्रे असलेला, तो देवादिकांचा आहे, आणि तो आला देवळातून, लळितांतून आणि नाटकांतून. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगली संस्थानात सीतास्वयंवराचा प्रयोग केला तेव्हापासून पौराणिक नाटकांच्या मंडळ्या गावोगाव हिंडू लागल्या. विदर्भात दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांची स्वतंत्र परंपरा होतीच. 1894 मध्ये मुंबईस निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने राम, विष्णू, लक्ष्मी यांची रंगीत चित्रे घराघरांत पोचविली, आणि 1867 पासून मुंबईशी लोहमार्गाने जोडल्या गेलेल्या नागपुरास ही नवलाई मिळण्यास विलंब लागला नाही. पुढे 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट आला, आणि 1932 मध्ये प्रभातच्या अयोध्येच्या राजाने तीच कथा मराठी वाणीत सांगितली. राजा सत्यासाठी मुकुट उतरवून ठेवतो, ही कथा मराठी मुलांनी मुकुटाच्या चकाकीबरोबरच पाहिली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मुकुटाचे द्रव्य जो कागद, त्याचाही इतिहास जवळचा आहे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नर येथे हातकागदाचे कारखाने शतकानुशतके चालत, आणि त्या कागदावर मराठी रियासतीची दफ्तरे लिहिली गेली. असा कागद मुलांच्या खेळास मिळणे अशक्य होते; तो सरकारी कामाचा आणि पोथीचा. गिरणीचा कागद स्वस्त झाला तेव्हाच तो मुलांच्या हाती आला. यंत्राच्या कागदाने हातकागद मोडीत काढला असता, 1934 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने कुमारप्पांच्या मार्गदर्शनाखाली तो हुन्नर पुन्हा जिवंत करण्याचा यत्न केला. आणि नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते त्याच प्रांतातील नेपानगर येथे देशातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना उभा राहून 1956 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला. त्याच 1956 च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचनेने नागपूरचे राजधानीपद गेले. जवळजवळ एका शतकाचा तो मान होता. 1953 च्या नागपूर करारातील वचनानुसार या नगरीस पुढे उपराजधानीचा दर्जा आणि विधिमंडळाचे वार्षिक अधिवेशन लाभले; म्हणजे येथेही मान गेला तो इतरांच्या निर्णयाने, आणि आला तोही इतरांनी दिलेल्या शब्दाने.

कागद घडी घालून, कापून, चिकटवून मुलाने शिकावे हा विचार शाळेत आला तो फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीतून. त्या पद्धतीतील कागदकामावरून स्फूर्ती घेऊन मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारा एक इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि तो जगभर नावाजला गेला. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी ही दृष्टी रुजविली. विवाहानंतरची काही वर्षे अमरावतीस काढलेल्या ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास काम केले, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला, आणि मुलाच्या हाताला काम देणे म्हणजे त्याच्या बुद्धीला काम देणे, हे तत्त्व मराठी पालकांना पटवून दिले. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा मानावा असे प्रतिपादिले. नागपूरच्या आसमंतातच हा विचार घडला.

या विचाराचे मर्म एका साध्या मुकुटात पाहावयास मिळते. सहा वर्षांच्या मुलाच्या मस्तकाचा घेर सुमारे वीस इंच असतो. तो दोऱ्याने मापावा, दोरा मुलाच्याच हाती द्यावा, आणि त्याहून दोन इंच अधिक लांबीची, सहा इंच रुंदीची पट्टी कापावी. कागदातील तंतूंची एक दिशा असते. कागद हलकेच वाकवून पाहिला तर तो एका बाजूने सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो. ज्या दिशेने पट्टी सहज वळेल त्या दिशेने ती मस्तकाभोवती यावी, म्हणजे तंतू उभे राहतात, घेर गुळगुळीत बसतो आणि टोकेही ताठ उभी राहतात. पट्टी एकदा, दोनदा, तीनदा निम्मी दुमडली की आठ पदर होतात. वरच्या कडेपासून एकच तिरपी कात्री चालवून घडी उलगडली की चार सारखी शिखरे समोर येतात, कारण प्रत्येक घडीपाशी आकृती आरशाप्रमाणे उलटते. हे पाहताना मुलाच्या डोळ्यांत जे आश्चर्य उमटते ते भूमितीचा पहिला पाठ होय. खालची कड आतून दुमडून घ्यावी म्हणजे तीस बळकटी येते आणि कपाळास कागद बोचत नाही. मग मैद्याची खळ, पतंगाच्या कागदाचे तुकडे, जुन्या लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती, बेगड, टिकल्या. संक्रांतीच्या पतंगांचा उरलेला कागद आणि लग्नसराईच्या पत्रिका यांना भाद्रपदापर्यंत जपून ठेवणारे घर हे मुलांचे भाग्यच म्हणावयाचे.

याच प्रतिपदेस नागपुरात आणखी एक कागदी वैभव रस्त्यावर येते. काळी आणि पिवळी मारबत, आणि त्यांच्यामागून निघणारे बडगे. या मिरवणुका अनुक्रमे 1881 आणि 1885 पासून चालत आल्याचे सांगतात. बांबू, कागद आणि कापड यांनी रचलेल्या त्या प्रचंड प्रतिमा रोगराई, अन्याय आणि महागाई यांना आपल्यासह घेऊन जाण्यासाठी गावाबाहेर नेऊन जाळल्या जातात. एकाच दिवशी एकाच द्रव्याच्या दोन वस्तू होतात: एक जाळावयाची, एक मस्तकी धरावयाची. निंद्य काय आणि वंद्य काय, याचा निवाडा लोक स्वतःच्या हातांनी, कागद आणि खळ घेऊन करतात, आणि मुले सकाळी एक पाहतात व सायंकाळी दुसरी मिरवितात. लोकशिक्षणाची इतकी पूर्ण योजना कोणा खात्याने आखली असती तर आपण तिची वाखाणणी केली असती.

वेशभूषेची राजमालाही आता पालटली आहे, आणि ते इष्टच झाले. ज्या नगरीत 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या नगरीतील मुले निळा कोट घालून आणि संविधानाची प्रत छातीशी धरून उभी राहतात. कोणी सावित्रीबाई होते, कोणी हातात खराटा घेऊन गाडगेबाबा होतो. या वेषांना मुकुट लागत नाही. त्यांचा मान जनतेने वेगळ्या रीतीने बांधला. मुकुटधारी आणि मुकुटहीन अशी दोन्ही थोर माणसे एकाच रांगेत उभी असलेली मुलांना दिसावी, यात मला या सणाची वाढती उंची दिसते.

एका गोष्टीची मात्र मनापासून खंत वाटते. अलीकडे बाजारातून प्लास्टिकचे तयार मुकुट येतात. ते चकाकतात, टिकतात, आणि एकदा घेतले की पुन्हा घरी काही करावे लागत नाही. सोय झाली, पण मुलाच्या मस्तकाचे माप घेणारा हात नाहीसा झाला. या साऱ्या इतिहासातून, बैलाच्या बाशिंगापासून गोंड राजाच्या टिळ्यापर्यंत, एकच शिकवण मिळते: मान स्वतः उचलून घ्यावयाचा नसतो, तो कोणीतरी आपल्यासाठी खपून आपल्या मस्तकी ठेवावयाचा असतो. जेथे तो बळाने घेतला गेला किंवा बळाने हिरावला गेला, तेथे लिलाव झाले. जेथे तो प्रेमाने बांधला गेला, तेथे सण झाले. विकत आणलेला मुकुट ही शिकवण देऊ शकत नाही, कारण त्याच्या घडणीत मुलाला ओळखणारे कोणी नसते.

म्हणून तान्हा पोळा भरविणाऱ्या मंडळांना एक विनंती करावीशी वाटते. वेशभूषेच्या बक्षिसांत एक बक्षीस मुलांनी घरी केलेल्या मुकुटासाठी राखून ठेवावे, आणि नियम एवढाच करावा की ज्याने मुकुट केला त्याने तो स्वतः न घालता दुसऱ्याच्या मस्तकी ठेवावा: शेजारच्या मुलीच्या, धाकट्या भावाच्या, वाटल्यास आपल्या लाकडी नंदीच्या. मोठ्या माणसांनी आजवर मुलांसाठी मुकुट केले. मुलांनी एकमेकांसाठी ते करू लागावे, ही या परंपरेची पुढची पायरी होय, आणि तीवर चढण्यास पुठ्ठा, कात्री, वाटीभर खळ आणि एक मोकळी संध्याकाळ याहून अधिक काही लागत नाही.